अधिक महिन्यातला ड्रायव्हर

जावई अधिक महिन्यात सासुरवाडीला येतो तो धोंडे खायला. यावं, पाटावर बसावं, तेहतीस अनारशांचं ताट आणि वर ठेवलेला दिवा हातात घ्यावा, नवे कपडे अंगावर चढवावेत, दोन दिवस लोडाला टेकून ढेकर द्यावेत आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आपल्या गावी चालतं व्हावं. ही रीत. आदिलाबादजवळच्या या मावल्यापासून तलमडुगुपर्यंत एकाही जावयानं ती मोडल्याचं जयवंताबाईंच्या ऐकिवात नव्हतं. यशवंतरावांनी मोडली. एकोणीसशे नव्याण्णव सालच्या त्या अधिक ज्येष्ठात ते बसच्या टपावरून दोन भलीमोठी खोकी उतरवून घेत आले, आणि आज त्यांचा अकरावा दिवस होता.

खोक्यांत काय आहे हे जयवंताबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं नाही. सासू जावयाला विचारत नसते, वाढत असते. तिनं "अजून एक घ्या" म्हणायचं आणि त्यानं "नको नको" म्हणत घ्यायचं, याच्यापलीकडे त्या दोघांत बोलण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. म्हणून जे विचारायचं ते त्या मुलीला, म्हणजे भागीरथेला विचारत, आणि जे सुनवायचं ते नवऱ्याला सुनवत. भागीरथा म्हणे, कॉम्प्युटर आहे माय. नवरा काहीच म्हणत नसे. बाबाराव जिनिंग फॅक्टरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कापसाच्या यंत्रांच्या गोंगाटात बत्तीस वर्षं काढल्यामुळे आपल्याला एका कानानं कमी ऐकू येतं, असं ते सांगत. कोणत्या कानानं, हे जयवंताबाई कुठल्या बाजूला बसल्या आहेत त्याच्यावर ठरे. त्यांनी जावयाचं नाव काढलं की बाबाराव रेडिओ जरा मोठा करीत.

जयवंताबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, त्यातही दुसरी गोवरानं अर्धी खाल्ली. पण कमी शिकलेलं माणूस बावळट असतं असं ज्यांना वाटलं, त्यांना त्यांच्या ओट्यावरून एकदा तरी तोंड लपवून जावं लागलं होतं. जावयाच्या बाबतीत त्यांनी डोळे उघडे ठेवले. दोन दिवसांसाठी आलेला माणूस दोन शर्ट आणतो. यशवंतरावांचे धुवायला पडले तेव्हा नऊ निघाले. वर एक स्वेटर. बाहेर असं ऊन की दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, आणि हे बाप्पा स्वेटर घेऊन आले. शिवाय रजा. यशवंतराव नागपूरला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत. उन्हाळ्याच्या सुटीत अशा क्लासांत पोरं मावत नाहीत, असं त्यांनीच मागल्या वर्षी पाटावर बसून सांगितलं होतं. बाबारावांना जन्मभरात कधी पाच दिवस लागले तर एक अर्ज, मग दुसरा अर्ज, मग डॉक्टरचा कागद. या माणसानं अकरा दिवसांत ना अर्ज धाडला ना फोन केला.

भागीरथा एकुलती एक. तिचा संसार धड आहे की नाही, एवढंच जयवंताबाईंना कळायला पाहिजे होतं. आणि नेमकं तेवढंच विचारायची सोय नव्हती.

पुढच्या खोलीत पूर्वी सरकीची पोती असत. तिथे यशवंतरावांनी यंत्र मांडलं. ते क्लासातलं जुनं यंत्र होतं, पण त्याच्या आतली चालवणारी व्यवस्था क्लासच्या मालकानं काढून घेतली होती. त्या जागी यशवंतरावांनी लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था भरली, जी एका मासिकासोबत चकतीवर फुकट आली होती. फुकट हा शब्द ऐकून जयवंताबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी भागीरथेमार्फत चौकशी केली. भागीरथेमार्फत उत्तर आलं की जगभरच्या हजारो माणसांनी मिळून ती लिहिली आहे, आणि ज्याला वाटेल त्यानं आत डोकवावं, काय कसं केलं आहे ते पाहावं, पटलं नाही तर बदलावं. हे मात्र त्यांना पटलं. तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यासारखं झालं. हात घालावा, मूठभर काढावं, खडे किती ते बघावं.

अडलं होतं ते दुसरीकडे. यंत्राच्या पोटात चित्र काढणारी एक पट्टी असते, तिला कार्ड म्हणतात. हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं ते कसं चालतं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे लिनक्सला त्याच्याशी बोलता येईना आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांपलीकडे काही उमटेना. त्याला चालवणारा ड्रायव्हर कंपनी स्वतःच द्यायची. जयवंताबाईंनी आजवर ड्रायव्हर पाहिले ते बोथ गावाला जाणाऱ्या बसचे, पण हा त्यातला नाही एवढं त्यांना न सांगता कळलं. त्यांनी वेगळंच विचारलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा, तवा उतरवता उतरवता, थेट जावयाला विचारलं.

"त्या ड्रायव्हरच्या आत काय हाय?"

"ते कंपनी सांगत नाही, मामी. बंद असतो तो. आपण नुसता बसवायचा."

जयवंताबाईंनी "अजून एक घ्या" म्हणून ताटात पोळी टाकली. पण मनात एक गाठ बसली. ज्यानं झाकलं, त्याच्यापाशी झाकण्यासारखं काही असणारच. कंपनी असो की कोणी असो.

आता तो ड्रायव्हर आणायचा कुठून, तर आदिलाबादेत एका एसटीडी बूथवाल्यानं नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. यशवंतराव रोज अकराला अंघोळ करून, केसांना तेल लावून, मावल्याहून ऑटोनं तिथे जाऊ लागले. तेल लावून, हे जयवंताबाईंनी ध्यानात ठेवलं. यंत्राकडे जाणारा माणूस तेल कशाला लावतो? शेजारची गयाबाई नात्यानं कोणी नव्हती, पण बातमीच्या बाबतीत सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. तिला त्यांनी बांगड्या भरायच्या निमित्तानं शहरात धाडलं. गयाबाई दोन तासांनी आली, पाणी प्याली, आणि तिनं सांगितलं की बूथात दुसरं कोणी नाही. जावई एका पडद्यापुढे बसले आहेत. पडद्यावर एक रिकामी कांडी आहे, ती डावीकडून निळी होत होत जाते. अर्ध्यावर गेली की लाइन कटते, कांडी पुन्हा रिकामी होते आणि जावई कपाळावर हात मारतात. मग पहिल्यापासून. गयाबाईनं तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळी कांडी शेवटाला पोचायला आली तेव्हा तिलाच धाप लागली, म्हणाली.

पाचव्या दिवशी तो ड्रायव्हर चार फ्लॉप्यांवर घरी आला. तिसरी फ्लॉपी उन्हात वाकली होती. सहाव्या दिवशी पुन्हा तिसरी आणली, ओल्या रुमालात गुंडाळून, अनारशाच्या डब्यात ठेवून. डबा जयवंताबाईंचा. त्यांना विचारून नेला नव्हता.

सातव्या दिवशी कळलं की ड्रायव्हर बसत नाही. लिनक्सच्या मधोमध एक गाभा असतो, आणि हा ड्रायव्हर त्या गाभ्याच्या वेगळ्याच मापावर शिवलेला निघाला. मग तो उसवून मापाचा करा, असं जयवंताबाईंनी भागीरथेकरवी सुचवलं. त्यांनी जन्मभर झंपर उसवून मापाचे केले होते. पण उसवायची परवानगी नव्हती, कारण तो बंद. म्हणून आता गाभाच त्या मापाचा नव्यानं तयार करायचा होता. झंपर अंगाला बसत नाही म्हणून बाईच नव्यानं बेतायची, हा प्रकार जयवंताबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी तो बाबारावांना समजावून सांगितला. बाबारावांनी बातम्या लावल्या.

गाभा तयार व्हायला सलग सहा तास लागत आणि मावल्यात वीज सलग पाच तास राहत असे. यशवंतराव सकाळी सातला सुरू करीत, पडद्यावर अक्षरांच्या ओळी धो धो वर सरकत आणि शेजारपाजारचे लोक दाराशी उभे राहून ते पाहत. बारा वाजले की वीज जाई आणि सगळे सुस्कारा टाकून जेवायला जात. गयाबाईनं यंत्राची दृष्ट काढायला सांगितली. मीठ-मोहरी ओवाळताना पाच दाणे फटीतून आत पडले, ते काढायला अर्धा दिवस मोडला. तेवढ्यात यंत्र तापतं म्हणून कोणीतरी कूलर सुचवला. घरात कूलर एकच होता आणि तो जयवंताबाईंच्या खाटेशी होता. तो पुढच्या खोलीत गेला. ज्येष्ठाच्या उन्हात यंत्र वाळ्याच्या वासात थंडगार बसलं आणि सासू सुपानं वारा घेत स्वयंपाकघरात. या घरात लग्न होऊन आल्याला चाळीस वर्षं झाली होती. कूलर यायला सदतीस लागली होती.

विजेचा फेज बदलून मिळाला तर सहा तास निघतील, असं ठरलं. त्यासाठी बिजलीच्या ऑफिसात अर्ज. अर्ज तेलुगूत छापलेला, त्यात घरात काय चालतं त्याचे रकाने: दिवा, पंखा, पाण्याची मोटार, पिठाची गिरणी. कॉम्प्युटर कुठेच नाही. खिडकीतल्या माणसानं हिंदीत विचारलं की हे यंत्र किती तास चालतं. सहा तास, एकसारखं, मध्ये थांबलं तर सगळं वाया जातं, असं यशवंतरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानं गिरणीपुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी डोमाजी लाइनमन गिरणी पाहायला आला. त्याच्या मागोमाग गयाबाई ज्वारीचा डबा घेऊन आली, आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर डब्यांची रांग लागली. जयवंताबाईंनी प्रत्येकीला डबा परत देताना कारण सांगितलं. आणि प्रत्येकीनं निघताना एकच विचारलं, की जावई अजून आहेत वाटतं.

हेच लागलं. उकाडा सोसता येतो. पण "अजून आहेत वाटतं" या तीन शब्दांत अख्खं मावला त्यांच्याकडे बघून हसत होतं. वर अनारशाचं पीठ संपत आलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात मुरवा. अधिक महिना म्हटल्यावर प्रत्येक दिवस जावयाचा मानाचा. घरात जावई असताना साधी भाकर वाढली तर उद्या लोक काय म्हणतील. तिसऱ्यांदा तांदूळ भिजत घालताना जयवंताबाईंनी नवऱ्याला एवढंच म्हटलं की हा माणूस काहीतरी झाकून राह्यला आहे, आणि ते मी काढीन. रेडिओवर गाणं नव्हतं, नुसती खरखर होती. बाबारावांनी तीच मोठी केली.

डोमाजीनं गिरणी सापडली नाही तरी फेज बदलून दिला. अकराव्या दिवशी दुपारी एक वाजता गाभा तयार झाला. यशवंतरावांनी चारही फ्लॉप्या एकेक करून घातल्या. पडदा इंग्रजी मजकुरानं भरला, खाली सरकला, पुन्हा भरला, आणि शेवटी एक प्रश्न येऊन थांबला. भागीरथेनं तो वाचला. वरचं सगळं मान्य आहे का, हो किंवा नाही.

यशवंतरावांचं बोट खाली येत होतं, तेवढ्यात दारातून आवाज आला. "काय मान्य करून राह्यले?"

"काही नाही, मामी. कंपनीच्या अटी असतात. कोणी वाचत नाही. सगळे हो म्हणतात."

भागीरथेनं डोळे मिटले. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे वाक्य या घरात बोलायचं नसतं, आणि बिचाऱ्या जावयाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. निजामाच्या काळात जयवंताबाईंच्या सासऱ्यांपुढे पटवाऱ्यानं उर्दू कागद ठेवला होता आणि म्हटलं होतं, कोणी वाचत नाही, सगळे अंगठा देतात. सासऱ्यांनी दिला. तलमडुगुच्या नाल्याकाठची काळी पट्टी त्या अंगठ्याखालून गेली ती गेली. तेव्हापासून या घरात नियम असा, की कोणताही कागद चारचौघांत मोठ्यानं वाचून, अर्थ सांगून, मगच मान्य व्हायचा. वाचणारे ठरलेले: समोरचे लक्ष्मणराव, तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसुलाचे तपासनीस, म्हणून निवृत्त झालेले, उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी चारही वाचणारे. त्यांनी या ओट्यावर विजेची बिलं वाचली होती, लग्नपत्रिका वाचल्या होत्या, आणि एकदा प्रेशर कुकरचं गॅरंटी कार्ड वाचायला त्यांना दोन चहा लागले होते.

लक्ष्मणरावांनी काचेवरचं वाचायला नकार दिला. कागद म्हणजे कागद. म्हणून यशवंतराव कूलरच्या वाऱ्यात बसून ते सगळं इंग्रजी हातानं उतरवत राहिले. सहा पानं झाली. पाच वाजता ओट्यावर सतरंजी पडली. एका बाजूला गयाबाई आणि डोमाजी पंच म्हणून, मधे लक्ष्मणराव चष्मा पुसत, खांबाशी बाबाराव चालू रेडिओसकट, आणि उंबऱ्यात, पदर खांद्यावरून घट्ट ओढून, जयवंताबाई.

लक्ष्मणरावांनी एकेक कलम वाचलं आणि अर्थ लावला. ही चीज कंपनी विकत नाही, नुसती वापरायला देते. म्हणजे जमीन सरकारची आणि नांगर आपला. ती उघडायची नाही. आत पाहायचं नाही. आत काय असेल याचा पत्ता लावायची कोशिश करायची नाही. ही दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. ही चालेल असा कंपनी शब्द देत नाही. ही चालल्यामुळे किंवा न चालल्यामुळे काही जळालं, मोडलं, बुडालं, तर कंपनी जबाबदार नाही, असं होईल हे कंपनीला आधी सांगून ठेवलं असलं तरी नाही. आणि तंटा झालाच तर कचेरी अमेरिकेत.

गयाबाईनं विचारलं, तारखेला जायला बस कुठून मिळते. डोमाजी म्हणाला की लाइनमन असं लिहून देऊ लागला तर गाव त्याला खांबालाच बांधेल.

जयवंताबाई इतका वेळ ऐकत होत्या. आत पाहायचं नाही, हे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावलं. वाचताना त्या कागदाकडे पाहत नव्हत्या, जावयाकडे पाहत होत्या.

वाचून झालं. आता हो किंवा नाही एवढंच सांगा, असं यशवंतराव अजिजीनं म्हणाले. पण चाळीस वर्षं सरकारी कागद केलेल्या लक्ष्मणरावांना असं अर्धवट सोडवेना. एवढा मोठा करार, आणि लिहून देणाऱ्याचा पत्ता नाही? अशा कागदाला तहसिलीत कोणी उभं करणार नाही. त्यांनी सहाव्या पानाखाली रेघ मारली, पेन झटकलं आणि सवयीनं विचारत गेले. नाव? यशवंत. बापाचं नाव? माणिकराव. उमर? चौतीस.

"पेशा?"

यशवंतराव सतरंजीचा सुटलेला दोरा ओढू लागले.

लक्ष्मणरावांना वाटलं, शब्द समजला नाही. त्यांनी सोपं केलं. काय काम करता?

आणि मग अशी गोष्ट झाली की जी जयवंताबाईंनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. बाबारावांनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

तेवढ्यानंच त्यांना अर्धं कळलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आढ्याची कौलं मोजत होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पदराचं टोक पिळत होती. म्हणजे यांना माहीत होतं. दोघांनाही. सासऱ्याला सांगायला हरकत नव्हती, आणि जिनं तीन वेळा तांदूळ भिजवले तिला मात्र झाकण.

सासूपुढे थापा मारवत नव्हत्या म्हणून यशवंतराव आजवर गप्प राहिले होते. सहीच्या कागदावर खोटं लिहवेना म्हणून आता बोलले. पेनाच्या टोकाकडे बघत, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. क्लास शिवरात्रीलाच बंद पडला. चांगली यंत्रं मालकानं नेली. हे एक कोणी घेईना, कारण याच्यावर चित्र दिसत नाही. म्हणून त्यांनी मागितलं आणि मालकानं दिलं. नागपूरची खोली सोडली आहे. आदिलाबादेत मराठी पोरांना मराठीतून कॉम्प्युटर शिकवणारं कोणी नाही, तेव्हा इथेच कुठे जागा पाहावी असं मनात होतं. पडद्यावर चित्र आलं की मामींना सांगू, असं तिघांनी ठरवलं होतं. काळ्या पडद्याच्या भरवशावर कोणत्या तोंडानं सांगणार? चित्र यायला दोन दिवस लागतील असं वाटलं होतं.

बाई नव्हती. जुगार नव्हता. अकरा दिवस जयवंताबाईंनी मनातल्या मनात जी जी भुतं उभी केली होती ती एकेक करून ओट्यावरून उतरून गेली, आणि त्यांच्या जागी नऊ शर्ट आणि एक स्वेटर तेवढा राहिला. त्यांना हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण रागही तेवढाच आला, आणि दोन्ही एकाच चुलीवर चढल्यासारखे झाले.

लक्ष्मणरावांचं पेन अजून वरच होतं. त्यांनी खाकरून सांगितलं की रकाना मोकळा सोडता येत नाही. मोकळ्या जागेत लोक मागाहून वाटेल ते भरतात. हे त्या ओट्यावर जयवंताबाईंपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पेशा, जवाई. अकरा दिवसांपासून तोच करून राह्यले."

गयाबाईनं पदर तोंडात कोंबला. लक्ष्मणरावांनी गंभीरपणे लिहिलं. मग म्हणाले की कंपनी कशालाच जबाबदार नाही म्हणते, तेव्हा आपल्या बाजूनं तरी एक जामीन असावा. या माणसाचा जामीन कोण?

भागीरथा पुढे झाली. जयवंताबाईंनी तिचा हात धरून तिला मागे सारलं, उंबरा ओलांडून ओट्यावर आल्या आणि सतरंजीवर बसल्या. पेन त्यांनी खुरप्यासारखं मुठीत धरलं. या घरात त्यांनी आजवर सगळ्यांचे कागद अडवले होते, स्वतः कोणासाठी सही केली नव्हती. ज, य, वं. तिथे थांबून त्यांनी श्वास घेतला. ता, बा, ई. ईचं शेपूट मार्जिनच्या बाहेर गेलं. लक्ष्मणरावांनी चालेल म्हणून मान हलवली.

मग सगळे आत गेले आणि यशवंतरावांनी हो म्हटलं.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. कोणीतरी म्हणालं, गेलं. मग आतून टिक असा आवाज आला, आणि पडदा एकदम उजळला. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक करडं विणकाम होतं, उभं आडवं, बारीक, अगदी सरकीच्या जुन्या पोत्यासारखं. आणि बरोबर मधे एक काळी फुली. बाकी काही नाही.

गयाबाई म्हणाली, हे तर गोणपाट आहे. डोमाजीनं विचारलं की फुली म्हणजे नापास का. पण यशवंतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्यांनी उंदीर म्हणतात ती डबी हलवली तशी फुली हलली, आणि ते रडत की हसत होते ते कोणालाच कळलं नाही. हेच, मामी, हेच, असं ते म्हणत होते. आता याच्यावर काहीही मांडता येईल.

जयवंताबाईंनी त्या गोणपाटाकडे बराच वेळ पाहिलं. खोलीच्या त्या कोपऱ्यात बत्तीस वर्षं तसलीच पोती होती. मग त्यांनी कूलरची वायर उपटली आणि तिची गुंडाळी करता करता जावयाकडे वळल्या.

"आइका, जवाईबापू. कंपनीनं आपलं पोट झाकलं, ते ठीक हाय. ते कुठं माह्या हातचं जेवते. तुमी अकरा दिवस जेवले आन आतून कडी लावून बसले. म्हून आता माहं आइका. ही खोली घ्या, इथंच शिकवा. पन अनारसे आजपासून बंद. पाट नाही, दिवा नाही, अजून एक घ्या नाही. जे आमी खातो ते, भाकर आन ठेचा. पानी तुमी भराचं. जवाई होते तवर मले काही इचारता येत नव्हतं. आता इचारीन. रोज सकाळी इचारीन."

कूलर काखेत घालता आला असता तर त्यांनी घातला असता. तो दाराशी अडला. यशवंतराव उठून दुसरी बाजू धरायला आले.

"उचला," त्या म्हणाल्या. "आन त्या स्वेटरचं काय ते आजच सांगा."